जुन्या गाडीची तेलगळती: पॅकिंग बदलूनही डाग परत का येतो

पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर नाण्याएवढा काळा डाग. पुसला की चौथ्या दिवशी परत. दोन वर्षांत टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग दोनदा बदललं, चेंबरचं (तळाशी तेल साठतं त्या भांड्याचं) एकदा, आणि तरी डाग होता तिथेच. शेवटी एका गॅरेजमध्ये सांगितलं, फ्लायव्हीलच्या बाजूचं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, गाडी तीन दिवस ठेवा. मी किल्ली देऊनही टाकणार होतो. ते सील गेलंच नव्हतं. पुढे सगळा उलगडा झाला तेव्हा लक्षात आलं, की दोन वर्षं आम्ही तेल जिथून पडतं ती जागा दुरुस्त करत होतो. ते जिथून निघतं तिकडे कुणी बघितलंच नव्हतं, आणि ते का निघतं हा प्रश्न तर कुणाला पडलाच नव्हता.

गाडी २००२ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. म्हणायला चार दारांची सेडान, पण १४९३ सीसीचं १०६ बीएचपीचं इंजिन, हलकी बॉडी, आणि काटा वरच्या आकड्यांकडे गेला की बदलणारा तो आवाज. कॉलेजात असताना आम्हा पोरांसाठी स्पोर्ट्स कार म्हणजे हीच होती. गळतीचा दोष बनवणाऱ्याचा नाही, हे आधीच सांगतो. वीस वर्षांहून जास्त काळ जळगावच्या उन्हात राहिलेलं रबर आहे ते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, बंद बॉनेटखाली इंजिन तासन्‌तास तापलेलं राहतं. अशा ठिकाणी कोणत्याही कंपनीचं रबर कडक होणारच.

पुढे जे लिहिलंय ते या इंजिनावरचं आहे, पण शोधायची पद्धत कुठल्याही जुन्या पेट्रोल गाडीला चालेल.

आधी ते इंजिन ऑइलच आहे का बघा

पांढरा कागद डागावर टेका. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं, बोटांत चोळलं तर बुळबुळीत आणि किंचित जळकट वासाचं असतं. कूलंट हिरवं किंवा लाल, पातळ, गोडसर वासाचं. ब्रेक फ्लुइड फिकट पिवळं, आणि पेंट खातं, म्हणून ते दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी तिकडे लक्ष द्या. स्टिअरिंगचं आणि गिअरबॉक्सचं तेल सहसा इंजिन ऑइलइतकं काळं होत नाही. एसीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी, त्यासाठी उन्हाळ्यात गॅरेज गाठलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरी शंका अशी, की डिपस्टिकवर तेल उतरतंय पण खाली डाग नाही. मग ते जळतंय. आपल्याकडे ओळखायला सोपी जागा म्हणजे कन्नड घाट. चाळीसगावकडे गिअरमध्ये उतरत या, आणि पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागे निळा धूर उठला तर व्हॉल्व्हची सीलं गेली. चढताना, जोर लावताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा. ते वेगळं दुखणं आहे, त्यावर इथे लिहीत नाही.

धुतल्याशिवाय निदान नाही

मला खरी वाट दाखवली ती अजिंठा चौफुलीकडच्या एका छोट्या शेडमधल्या आप्पांनी. मूळचे पारोळ्याकडचे, चाळीस वर्षं हातात पाना. मी बॉनेट उघडून कहाणी सुरू केली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "पहिले इंजिन धुई टाक, मंग बोलूत."

मला वाटलं टाळतायत. पण त्यांचं बरोबर होतं. माझ्या इंजिनावर तेल आणि काळ्या मातीचा धुरळा मिळून बोटभर थर बसला होता. त्या थरात जुनं तेल, नवं तेल, कधीतरी ऑइल भरताना सांडलेलं तेल सगळं एक झालेलं. त्यातून गळती कुठली हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि जो सांगतो तो अंदाज करतोय.

धुण्यापूर्वी तो थर एकदा नीट बघून मात्र घ्या, फोटो काढून ठेवा. धुरळा कोरड्या धातूवर राहत नाही, ओल्यावर चिकटतो. त्यामुळे तेलाची वाट त्यात उमटलेली असते. दिवाळीनंतर कापूस जिनिंगला जायला लागला की रस्त्यावर रुईचे तंतू उडतात, तेही नेमके ओल्या जागी चिकटून बसतात. माझ्या इंजिनावर ती पांढरी लव डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) खालच्या कडेला होती. फोटोत ती स्पष्ट दिसते. मी ती दोन वर्षं पाहत होतो आणि नुसती झटकून टाकत होतो.

धुताना इंजिन पूर्ण थंड हवं. तापलेल्या एक्झॉस्टवर आणि ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी मारू नका, तडा जाऊ शकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड पॉलिथिननं बांधा. डीग्रीजर किंवा रॉकेल ब्रशनं लावून वीस मिनिटं मुरू द्या, टायमिंग बेल्टच्या कव्हरकडे ते जाऊ देऊ नका, मग कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन थेट इंजिनावर नको, पाणी प्लगच्या विहिरींत आणि कनेक्टरांत शिरतं. पेट्रोलनं तर कधीच धुऊ नका. बंद शेडमध्ये त्याची वाफ जमिनीलगत साचते, आणि एक ठिणगी पुरते.

सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा ओला ठिपका

आप्पांचा दुसरा धडा: "तेल खाले उतरस, वर चढत नही." ऐकायला इतकं साधं, पण सगळं निदान त्यावर उभं आहे. तेल वरून निघतं, ब्लॉकच्या कडांवरून ओघळतं, सगळ्यात खालच्या टोकाला जमतं आणि तिथून टपकतं. शिवाय गाडी पळत असताना खालून वारा जातो, तो तेल मागे फेकतो. म्हणून चेंबर आणि गिअरबॉक्सची मागची बाजू बहुतेक गळत्यांमध्ये ओली असतेच. चेंबर ओलं दिसलं म्हणजे चेंबरचं पॅकिंग गेलं, असं होत नाही. माझं चेंबरचं पॅकिंग अशाच घाईत बदललं गेलं, त्याला काहीही झालेलं नव्हतं.

इंजिन कोरडं झाल्यावर संशयित जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवली. मग आसोद्यापर्यंत जाऊन आलो, गाडी बंद केली आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत गेलो. पावडरवर तेलाची रेघ लगेच गडद उमटते. ज्यांना यातूनही कळत नाही त्यांनी ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा डाय आणावा. तो टाकून शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवायची आणि रात्री नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चनं बघायचं, गळतीची जागा पिवळट हिरवी चमकते. हळू पाझरणाऱ्या गळतीसाठी याच्यासारखं दुसरं साधन नाही.

रात्री गाडीखाली पुठ्ठा. सावदा-रावेरकडून निर्यातीच्या केळीची खोकी येतात, त्यांचा पुठ्ठा जाड आणि मोठा मिळतो. चाकांच्या जागा फरशीवर खडूनं आखून ठेवा म्हणजे गाडी रोज तिथेच उभी राहील, आणि पुठ्ठ्यावर तारीख लिहा. एका ओळीत ठेवलेले चार दिवसांचे चार पुठ्ठे कुठल्याही मेकॅनिकच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतात. माझ्या पुठ्ठ्यांवर एक गोष्ट लगेच दिसली: शहरातल्या शहरात फिरलेल्या दिवशी एक-दोन थेंब, आणि भुसावळला हायवेनं जाऊन आलेल्या दिवशी तळहाताएवढा डाग. तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

एक विनंती मनापासून करतो. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका. दोन्ही बाजूंना घोडी (जॅक स्टँड) लावा, चाकाला दगड लावा, आणि गाडी हातानं हलवून बघितल्यावरच आत सरका.

पहिला चोर: डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग

पावडरवर पहिली रेघ उमटली ती डिस्ट्रिब्युटर हेडला जिथे बसतो तिथे. तिथून तेल सरळ गिअरबॉक्सच्या डोक्यावर पडत होतं, बेलहाउसिंगच्या (इंजिनाला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या तोंडाच्या) सांध्यातून उतरत होतं, आणि फ्लायव्हील सील गेल्यावर जिथून टपकेल बरोबर तिथूनच टपकत होतं. या जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या इंजिनांत हा घोटाळा फार होतो. कुणी गिअरबॉक्स उतरवा म्हटलं तर आधी डिस्ट्रिब्युटरच्या बुडाला बोट लावून बघा. बोट ओलं झालं तर गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

काम सोपं आहे, पण एक काळजी आहे. डिस्ट्रिब्युटर किती फिरवून बसवलाय त्यावर इग्निशनचं टायमिंग ठरतं. म्हणून बोल्ट सैल करण्याआधी त्याच्या बॉडीवर आणि हेडवर मिळून एक बारीक रेघ ओढा किंवा पांढऱ्या पेंटनं खूण करा. कॅप वायरींसकट बाजूला करा, तीन बोल्ट काढा आणि हलकेच फिरवत बाहेर ओढा. त्याच्या बुडाला तेल अडवणारी गोल रबरी कडी असते, तीच ओ-रिंग. माझी जुनी ओ-रिंग टोकानं उचलायला गेलो तर बिस्किटासारखी तुटली. रबर उरलंच नव्हतं. गोल असायला हवी ती आतून-बाहेरून चपटी झाली होती. खोबण स्वच्छ पुसायची, नवी रिंग ऑइलचा हात लावून बसवायची, डिस्ट्रिब्युटर परत सरकवायचा. त्याच्या टोकाची दोन दातं मध्यावर नसतात, एका बाजूला सरकलेली असतात, म्हणून तो उलटा बसतच नाही. खुणा जुळवा, बोल्ट आवळा, आणि जमलं तर टायमिंग लाइट लावून घ्या.

ओ-रिंग कुठली आणता याला महत्त्व आहे. बेअरिंगच्या दुकानात मापाची काळी रिंग मिळते, ती बहुधा नायट्राइलची. तिची सहनशक्ती साधारण १०० ते १२० अंशांपर्यंत, म्हणजे तापलेल्या ऑइलच्या जेमतेम बरोबरीची. व्हायटनची रिंग मागा, ती २०० अंशांपर्यंत टिकते. दोन्हींच्या किमतीत फरक आहे, पण दोन्ही मिळून एका मजुरीच्या पासंगालाही पुरत नाहीत.

कॅप उघडल्यावर आतच तेल दिसलं तर मात्र ही ओ-रिंग नाही. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचं आतलं सील गेलंय, आणि त्यासाठी तो उघडून दुरुस्त करावा लागतो किंवा बदलावा लागतो.

आणि तीन आठवड्यांनी परत

पुठ्ठा वीस दिवस कोरडा राहिला. मग धुळ्याला जाऊन आलो, आणि सकाळी पुन्हा डाग. या वेळी थोडा बाजूला. डिस्ट्रिब्युटर कोरडा होता. ओलावा होता त्याच्या शेजारच्या व्हीटेक सोलेनॉइडच्या (वरच्या आरपीएमला कॅम बदलण्यासाठी ऑइल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बुडाला, आणि टॅपेट कव्हरच्या पुढच्या कडेला, जिथलं पॅकिंग बदलून वर्षसुद्धा झालं नव्हतं.

मी सोलेनॉइडचं पॅकिंग आणायला निघालो होतो. आप्पा म्हणाले, थांब. ऑइल भरायचं झाकण काढून इंजिन आयडलला ठेवलं आणि भाजीवाल्याची पातळ पिशवी तोंडावर धरली. पिशवी फुग्यासारखी फुगली. त्यांनी ती माझ्यासमोर धरून सांगितलं, "कोंडेल वाफ वाट काढसच."

याच एका गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा थोडा गॅस रिंगांच्या फटींतून खाली चेंबरच्या पोकळीत उतरतो. नव्या इंजिनातही उतरतो, जुन्यात जास्त. गॅरेजच्या भाषेत हेच बॅक कॉम्प्रेशन. हा गॅस बाहेर काढायला पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. या इंजिनात ब्लॉकच्या मागे एक ब्रीदरची डबी आहे, तिथून होज निघतो, इनटेक मॅनिफोल्डवरच्या पीसीव्हीला जातो, आणि इंजिनाच्याच ओढीनं तो गॅस परत सिलिंडरमध्ये जाऊन जळतो. टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरच्या पाइपाला गेलेला दुसरा होज असतो, त्यातून ताजी हवा आत येते. ही ये-जा चालू असली की पोकळीत दाब साचत नाही, उलट हलकीशी ओढ राहते, आणि ती ओढ प्रत्येक सीलला आतून धरून ठेवते.

आता तो व्हॉल्व्ह चिकटला किंवा होज चिखलानं भरला तर गॅस जाणार कुठे? तो पॅकिंगांवर आणि सीलांवर दाब देतो आणि त्यातलं सगळ्यात कमजोर जे असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. तुम्ही ते बदललं की पाळी दुसऱ्याची. म्हणून माझी टॅपेट कव्हरची पॅकिंगं टिकत नव्हती. म्हणूनच हायवेच्या दिवशी डाग मोठा असायचा: वेग जास्त, गॅस जास्त, दाब जास्त. पुठ्ठ्यावरचं कोडं इथे सुटलं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. पिशवीची किंवा पातळ रबरी हातमोज्याची चाचणी वर सांगितली. ती आत ओढली गेली किंवा जागच्या जागी थरथरली तर ठीक, फुगली तर दाब आहे. दुसरी चाचणी: आयडलला पीसीव्हीचा होज पक्कडीत कापड घालून दाबा, व्हॉल्व्हमधून टक असा आवाज यायला हवा. तिसरी: व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, आत खुळखुळलं पाहिजे. माझा मुका होता. आणि एअर फिल्टरच्या पाइपात, थ्रॉटलच्या तोंडाशी तेलाचा ओलावा दिसला तर समजा की गॅस उलट्या वाटेनं निघतोय.

माझा व्हॉल्व्ह का चिकटला? घर ते ऑफिस चार किलोमीटर. इंजिन तापतं न तापतं तोच बंद. आत जमलेला ओलावा उडून जात नाही, तो ऑइलशी मिळून चिकट गाळ बनवतो, आणि तो गाळ आधी ब्रीदरच्या डबीत, मग होजमध्ये बसतो. त्यात ऑइल बदलायला मी उशीर करत होतो. गाडी कमी चालते म्हणून ऑइल चांगलंच असेल हा समज चुकीचा आहे. कमी आणि तुटक चालणाऱ्या गाडीचं ऑइल लवकर खराब होतं. किलोमीटर झाले नसले तरी वर्षातून एकदा बदलाच.

व्हॉल्व्ह नवा टाकला. कार्ब क्लीनरनं धुऊन काही दिवस चालतो, पण एवढ्या स्वस्त वस्तूसाठी धुण्याचा खटाटोप मला पटत नाही. होज आतून फुगलेला होता, तोही बदलला. ब्रीदरची डबी काढून रॉकेलनं साफ केली, काढताना तिची ओ-रिंगही नवी. पुन्हा पिशवी धरली तर ती झाकणाच्या तोंडाला चिकटली.

पीसीव्ही ठीक असूनही पिशवी फुगत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. चारही सिलिंडरांचे आकडे दहा-पंधरा टक्क्यांच्या आत जवळजवळ हवेत. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. मग नवीन पॅकिंगांवर पैसे घालण्यात अर्थ नाही, आधी इंजिनाचा निर्णय घ्या. माझे चारही जवळपास सारखे आले, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

दाब सुटल्यावरच पॅकिंगं

आता टॅपेट कव्हर पुन्हा उघडलं. आत जे दिसलं त्याचा राग आला. आधीच्या कारागिरानं रबरी पॅकिंगच्या चारही बाजूंना लाल सिलिकॉनची जाड वळी घातली होती. बाहेर दिसते तेवढीच आतही दाबली गेलेली असते, आणि तिचे तुकडे सुटून तेलात फिरतात. त्यानं सोलेनॉइडच्या बुडालाही सिलिकॉन लावलं होतं. सोलेनॉइड काढला तेव्हा त्याच्या पॅकिंगमधल्या बारीक जाळीवर लाल कण अडकलेले होते. व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालतं, ती जाळी तुंबली तर इंजिन वरच्या आरपीएमला कॅम बदलणारच नाही. तेल थांबवण्यासाठी लावलेली वस्तू इंजिनाचा जीव धोक्यात घालत होती.

रबरी पॅकिंगला सिलिकॉन लागत नाही. कॅम होल्डर हेडला जिथे मिळतो त्या कोपऱ्यांवर गव्हाच्या दाण्याएवढं, बस. बाकी सगळं काम स्वच्छतेचं. दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, ॲल्युमिनियमवर लोखंडी पातं चालवू नका. ब्रेक क्लीनरनं पुसून एकदम कोरडे करा. पॅकिंग खोबणीत नीट बसलं की कव्हर सरळ खाली ठेवा, सरकवू नका. नटांखालचे रबरी वॉशर जुने असतील तर तेही बदला, तेल तिथूनही येतं. नट आडवे-तिडवे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे, शेवटी जेमतेम १० न्यूटन-मीटर. हे फार कमी वाटतं आणि हात आणखी ओढायला शिवशिवतो. ओढू नका. जास्त आवळलं की कव्हर वाकतं, पॅकिंग चिरडतं आणि गळती वाढते. टॉर्क रेंच नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा. सिलिकॉन लावलं असेल तर निदान अर्धा तास जाऊ द्या, मगच ऑइल भरा.

प्लग काढताना विहिरीत तेल दिसलं तर प्लगच्या नळ्यांची सीलं गेलीत, ती याच कव्हरखाली असतात, सोबत बदला. आणि प्लग फिरवण्याआधी ते तेल कापडानं शोषून घ्या, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये पडेल.

टॅपेट कव्हरची पुढची कड या इंजिनात एक्झॉस्टच्या बरोबर वर आहे. तिथून गळत असेल तर सिग्नलला उभं राहिल्यावर जळक्या तेलाचा वास येतो, कधी बॉनेटमधून धूर. त्याला आजचं उद्यावर टाकू नका. लाल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडणारं तेल पेटू शकतं.

बाकीच्या जागा थोडक्यात. ऑइल प्रेशर स्विच ब्लॉकच्या मागे, फिल्टरजवळ असतो, तो आतून फुटून कनेक्टरमधून तेल टाकतो, त्यामुळे वायर ओली दिसली की स्विच बदला. त्याचे आटे निमुळते असतात, जोर लावला तर ब्लॉकचा कान तडकतो. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना हे बोटानं तपासा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर रस्त्यात सगळं ऑइल जातं. ड्रेन बोल्टचा ॲल्युमिनियम वॉशर दर वेळी नवा घ्या. तो दबून बसतो, दुसऱ्यांदा दबत नाही, आणि मग माणूस बोल्ट जास्त आवळून चेंबरचे आटे घालवतो. टॉर्क ४४ न्यूटन-मीटर. चेंबरचे बोल्ट मात्र फक्त १२, आणि मधून बाहेरच्या बाजूला आवळत जायचं.

गिअरबॉक्स खरंच कधी उतरवायचा

वरचं सगळं कोरडं असताना बेलहाउसिंगच्या तळाशी तेल येत राहिलं, क्लच घसरायला लागला किंवा चढावर जळका वास आला, तरच. आणि तेव्हाही ते तेल काळं की फिकट हे बघा. फिकट असेल तर इंजिनाचं सील ठीक असून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं गेलेलं असू शकतं. एकदा गिअरबॉक्स खाली आला की दोन्ही सीलं बदला, मजुरी तीच असते.

टायमिंग बेल्टच्या बाजूचं क्रँक सील आणि कॅम सील ही गळती छोटी दिसते, पण त्यावर जास्त लक्ष ठेवा. तेल लागलेला बेल्ट फुगतो, दात सोडतो. हा बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि हेडचं काम निघतं.

जाड ऑइल आणि बाटलीतलं औषध

आपल्याकडे सल्ला मिळतो, ऊन फार आहे, २०डब्ल्यू-५० टाक, गळती थांबेल. जाड ऑइल फटीतून थोडं हळू येतं, एवढंच. पण सकाळी ते वर चढायला वेळ घेतं आणि व्हीटेकच्या बारीक वाटांना ते जड जातं. मॅन्युअलमध्ये दिलेली ग्रेडच टाका. गळती थांबवणाऱ्या बाटल्या रबर फुगवतात. किंचित कडक झालेलं सील काही महिने साथ देईल, तुटलेली ओ-रिंग किंवा तुंबलेला पीसीव्ही त्यानं दुरुस्त होत नाही. माझ्या मते ते पैसे व्हायटनच्या रिंगांवर खर्च करावेत.

गळती असेपर्यंत दर रविवारी सकाळी, गाडी सपाटीवर आणि इंजिन थंड असताना डिपस्टिक बघा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो चालत्या गाडीत लागला तर पुढचा पेट्रोल पंप गाठायचा विचार करू नका, तिथल्या तिथे इंजिन बंद करा. आणि काढलेलं जळकं ऑइल नाल्यात किंवा बांधावर ओतू नका, ते डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.

सगळं झाल्यावर गाडी चाळीसगावमार्गे कन्नड घाट चढवून आणली, वर थांबून टॉर्च मारला, उतरून पुन्हा मारला. सोलेनॉइड, डिस्ट्रिब्युटर, टॅपेट कव्हर तिन्ही कोरडे. रात्री पुठ्ठा टाकला, सकाळी त्यावर केळीच्या खोक्याचा छापील शिक्का तेवढा होता. तेव्हापासून अकरा आठवडे तसाच आहे. टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला मात्र बोटाला लागेल इतका ओलावा आहे, थेंब धरत नाही. पुढच्या महिन्यात बेल्ट आणि वॉटर पंप बदलायचेच आहेत, तेव्हा क्रँक आणि कॅमची सीलं आप्पांकडे आणून दिली आहेत.